आले की नेले?

आम्ही तिघी जावा. एकाच घरात चाळीसएक वर्षं नांदलो आणि गेल्या ऑक्टोबरात तिघी मिळून जपान आणि कोरियाचा किनारा पाहून आलो, तोही एका लहान जहाजातून. परत आल्यापासून वाडीत, बाजारात, एसटीत सगळ्या एकच विचारतात, "काय काय पाहिलंत?" केंद्रावरच्या ताई म्हणाल्या, एकदाच सगळ्यांना सांगून टाका. म्हणून आलो. थोरल्या जाऊबाई 71 वर्षांच्या, मधली 66, धाकटी 61. बोलतेय एकजण, पण सांगणं तिघींचं आहे.

पैशाचं आधी सांगतो, कारण मनात तेच येतं. असला प्रवास स्वस्त नाही. कलमांच्या बागेतला आमच्या वाट्याचा पैसा सहा वर्षं बाजूला पडत होता, तो यात गेला. भातकापणी तोंडावर आणि घरातल्या बायका निघाल्या समुद्रावर, यावर बोलणं झालंच. "या वयात?" असंही कुणी म्हणालं. थोरल्या जाऊबाईंनी विचारलं, "मग कुठल्या वयात?" त्यावर विषय संपला.

मुंबईच्या धक्क्याला लागतात ती मोठी क्रूझ जहाजं म्हणजे तरंगतं गाव. दोन-तीन हजार माणसं त्यात असतात, आणि लहान बंदरात ती शिरूच शकत नाहीत. आमच्या जहाजावर प्रवासी शंभराच्या आसपास. धक्का नसेल तिथे नांगर टाकायचा आणि रबरी होडीने किनाऱ्याला जायचं. तिला झोडियाक म्हणतात. होडीत चढता-उतरताना खलाशाचा पंजा धरायचा नाही, मनगट धरायचं, आणि त्याने तुमचं. पंजा ओला झाला की निसटतो. तरीने खाडी ओलांडण्यात आमचा जन्म गेला, तरी हे शिकायला बरं वाटलं. रोज संध्याकाळी सगळ्यांना बसवून उद्याच्या बंदराची भरती-ओहोटी, वारा आणि इतिहास सांगायचे. धाकटी शाळेत इंग्रजी शिकवायची. ती कानात मराठी करून सांगे.

आता एक गंमत. जपान बघायला निघालेल्या जहाजाला कोरियात जावंच का लागतं? जपानचा कायदा असा, की परदेशी झेंड्याच्या जहाजाने फक्त जपानी बंदरांमध्येच प्रवाशांची ने-आण करायची नाही. मध्ये एखादं परदेशी बंदर घ्यावं लागतं आणि सगळ्यांत जवळचं पडतं ते कोरियाचं बुसान. कायदा धंद्याचा, पण त्याच्यामुळे आम्हाला एकाच आठवड्यात समुद्राचे दोन्ही काठ ऐकायला मिळाले. मुद्दाम "ऐकायला" म्हणतोय. पाहण्यासारखं पुष्कळ होतं, पण मनात राहिलं ते ऐकलेलं.

कोबेहून निघालो ते सेतोच्या आतल्या समुद्रातून. दोन्ही बाजूंना जमीन, मध्ये शेकडो बेटं, पाणी तळ्यासारखं. टोमोनोउरा नावाचं लहानसं बंदर लागलं. दोन्हीकडची भरती तिथे येऊन मिळते, म्हणून शिडाची जहाजं पूर्वी तिथे पाणी फिरण्याची वाट बघत थांबायची. धक्क्याच्या दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. भरती असो वा ओहोटी, माल कुठल्या ना कुठल्या पायरीवर उतरतोच. मधली म्हणाली, असं आपल्या जेटीला केलं असतं तर टोपल्या डोक्यावर घेऊन चिखल तुडवावा लागला नसता. तिथल्या देवळाच्या ओसरीवर कोरियाच्या राजाचे वकील उतरायचे. 1711 साली आलेल्यांपैकी एकाने तर इथला देखावा जपानात पहिल्या नंबरचा, असं लिहून दिलं. ते वकील कशाला येत, ते पुढे सांगतो.

हिरोशिमाबद्दल रेडिओवर फार बोलवत नाही. एकच सांगतो. शांती उद्यानात दगडी कासवाच्या पाठीवर उभा एक स्तंभ आहे, बॉम्बमध्ये मेलेल्या कोरियन लोकांचा. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता आणि हजारो कोरियन त्या शहरात राबत होते. हा स्तंभ 1970 साली उभारला तो उद्यानाबाहेर, नदीच्या पलीकडे. आत आला 1999 साली. म्हणजे मेल्यावरसुद्धा वेशीच्या आत यायला 54 वर्षं. थोरल्या जाऊबाई तिथे बराच वेळ उभ्या होत्या, काही बोलल्या नाहीत.

कानमोनची चिंचोळी सामुद्रधुनी ओलांडून आम्ही हागीला गेलो. हागी प्रसिद्ध आहे चहाच्या पेल्यांसाठी. पांढरट-गुलाबी, मऊसर झिलईचे पेले. वापरता वापरता चहा मुरून त्यांचा रंग बदलतो आणि तसेच ते लोकांना आवडतात. तिथली वाटाडी मुलगी म्हणाली, "ही कला चारशे वर्षांपूर्वी कोरियाहून आलेल्या दोन कुंभार भावांनी सुरू केली." धाकटीने वहीत लिहून घेतलं: कुंभार आले.

हागी आणि कोरियाच्या मध्ये त्सुशिमा बेट. तिथून कोरिया पन्नासएक किलोमीटर. हवा स्वच्छ असली की बुसान दिसतं. बेट डोंगराळ, भात पिकणार कुठे? कोरियाशी व्यापार झाला तर चूल पेटायची. 1592 ते 1598 जपानने कोरियावर दोनदा स्वारी केली आणि व्यापार बंद पडला. मग त्सुशिमाच्या सरदाराने काय केलं, तर समेट व्हावा म्हणून दोन राज्यांमधली पत्रंच बनावट केली! इकडच्यांना तिकडच्यांचा गोड सूर, तिकडच्यांना इकडच्यांची नरमाई. 1607 पासून कोरियाचे वकील पुन्हा जपानला जाऊ लागले, 1811 पर्यंत बारा वेळा. टोमोनोउराच्या ओसरीवर उतरायचे ते हेच. हे ऐकून मधली इतकी हसली की सगळे वळून बघायला लागले. सासूबाई आणि थोरल्या यांच्यामध्ये तिने वर्षानुवर्षं हेच काम केलं होतं, आणि तेही या बंदरावर पहिल्यांदा उघड झालं.

बुसानचा जागाल्ची मासळीबाजार पाहिलात तर परकं वाटणार नाही. टोपल्या, बर्फ, घासाघीस, आणि गाळ्यागाळ्यावर बायकाच. 1950 ते 53 च्या युद्धात उत्तरेकडून पळून आलेल्या कितीतरी बाया इथे मासळी विकून उभ्या राहिल्या. जवळच्या टेकडीवर यी सुन-शिन या आरमारी सेनापतीचा पुतळा आहे. 1592 साली जपानी फौजा पहिल्यांदा बुसानलाच उतरल्या आणि त्यांच्या जहाजांना याने पाणी पाजलं. तिथल्या वाटाड्याने सांगितलं, "परत जाताना ते आमचे कुंभार धरून घेऊन गेले. गावंच्या गावं कुंभारांवाचून ओस पडली." धाकटीने वही उघडली. हागीच्या ओळीखाली लिहिलं: कुंभार नेले.

दोघंही आपापल्या परीने खरं बोलत होते. मुलगी पेल्याचं कौतुक सांगत होती, तिच्या मनात काही वावगं नव्हतं. पण एका क्रियापदात केवढा समुद्र असतो! त्या रात्री तिघींना झोप नव्हती. आपण लग्न होऊन घरात "आलो" म्हणतो, आणि माहेरी म्हणतात, पोरीला "नेली". असो, तो विषय निराळा.

मग जेजू बेट. इथे मात्र आम्ही रमलो. तिथल्या हेन्यो, म्हणजे समुद्रातल्या बाया, पाठीवर हवेची टाकी न लावता दहा मीटरपर्यंत बुडी मारून शिंपले, शंख, समुद्री शेवाळ काढतात. दम एकेका मिनिटाचा आणि काम दिवसाला सहा-सात तासांपर्यंत. वर आल्या की तोंडातून शीळ घातल्यासारखा श्वास सोडतात. लांबून ऐकलं तर पाखरू वाटावं. कमरेला शिशाचं वजन, हातात लोखंडी पट्टी, पाण्यावर तरंगता गोळा आणि त्याला लटकवलेली जाळी. हा गोळा पूर्वी वाळवलेल्या भोपळ्याचा असे. आता बहुतेक बाया साठीच्या पुढच्या. एकेकाळी वीस हजारांवर होत्या, आज तीन हजारसुद्धा नाहीत. 2016 साली युनेस्कोने त्यांची परंपरा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. पोरी मात्र शहरात नोकऱ्या करतात, आणि त्यांना नावं कोण ठेवणार?

त्यांच्यात वरच्या, मधल्या, खालच्या अशा तीन पायऱ्या. त्या वयावर नाहीत, दमावर ठरतात. आणखी एक दमापलीकडे शंख दिसला तरी सोडून वर यायचं, हे पहिल्यांदा शिकवतात. काही गावांत समुद्राचा एक तुकडा शाळेसाठी ठेवलेला असे. त्यातून निघेल त्याचा पैसा शाळेच्या इमारतीला. आणि आम्हाला सगळ्यांत आवडलं ते "हालमांग बादांग", म्हणजे आज्यांचा समुद्र. किनाऱ्याजवळचं उथळ पाणी म्हाताऱ्या बायांसाठी राखून ठेवलेलं. धडधाकट बाईने तिथे बुडी मारायची नाही.

किनाऱ्यावर एक आजी जाळी निवडत होती. तिने खुणेने विचारलं, तुम्ही काय काढता? मधलीने दगडावर कोयती मारून कालवं कशी सोडवतात ते हवेत करून दाखवलं. आजीने लगेच आपली पट्टी पुढे केली. थोरल्या जाऊबाईंनी जाळी उचलून पाहिली आणि अर्ध्यावरच खाली ठेवली, इतकी जड. आजीचं वय विचारलं, तर त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठी.

जवळच्या संग्रहालयात कळलं, की 1932 साली याच भागातल्या हेन्यो जपानी राजवटीच्या हस्तकांविरुद्ध उठल्या होत्या. त्यांच्या मालाचा भाव पाडला जात होता आणि ज्या संघाने त्यांची बाजू घ्यायची तोच त्यांना लुबाडत होता. बुड्या मारायची हत्यारं घेऊन बाया बाजारात गेल्या. यातल्याच कित्येकजणी जपानच्या किनाऱ्यांवर मजुरीने बुड्या मारायलाही जात असत.

शेवटी नागासाकी. बंदराकडे येताना जहाजावरून हाशिमा बेट दिसलं. कोळशाची खाण, ओस पडलेल्या उंच इमारती. युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत त्याचा समावेश आहे, 2015 पासून. त्या बैठकीत जपानच्या प्रतिनिधीने मान्य केलं होतं, की अनेक कोरियन लोकांना त्यांच्या मर्जीविरुद्ध तिथे कामाला लावलं. शहर दाखवायला आलेले गृहस्थ सत्तरीचे, निवृत्त शिक्षक. थोरल्या जाऊबाईंनी धाकटीला पुढे केलं, "विचार त्यांना, ती माणसं खाणीत आली की आणली?" धाकटी जरा कचरली, पण विचारलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आणली." आणि पुढच्या चौकाकडे चालू लागले.

आता ज्या विचारतात त्यांच्यासाठी. जपानचा व्हिसा दोनदा प्रवेशाचा घ्या, कारण कोरियातून परत जपानात शिरावं लागतं. वार पाळणाऱ्यांनी आधीच सांगून ठेवा. भाजीच्या सुपातसुद्धा सुक्या माशाचा अर्क असतो आणि किमचीत बहुधा खारवलेली कोलंबी नाहीतर मासळी. आमच्या थोरल्या सोमवारी भात, दही आणि फळांवर राहिल्या. गुडघ्यांचं म्हणाल, तर जहाजाच्या शिडीपेक्षा देवळांच्या पायऱ्या जास्त आहेत. धाकटीची वही केंद्रावर ठेवली आहे, बंदरांची नावं त्यात क्रमाने आहेत. ज्यांना उतरवून घ्यायची असतील त्यांनी मंगळवारी दुपारी या, तेव्हा आम्ही तिघी इथेच असतो.