धान्यापासून बिअर : अडतें कोठें?

घरीं बिअर करण्यासाठीं लागणारा परवाना ब्रिटननें १९६३ सालीं रद्द केला; अमेरिकेनें १९७८ च्या कायद्यानें तशीच मोकळीक दिली. मग तेथें हा छंद फोफावला. परंतु पुष्कळ मंडळी डब्यांतल्या तयार माल्टच्या पाकापाशींच थांबतात. थेट धान्याकडे वळत नाहींत. असें कां व्हावें?

मोठें पातेलें लागतें, दोनतीन तासांच्या जागीं पांचसहा तास मोडतात, हें खरें. पण मुख्य अडसर भीतीचा. उष्णता अंशभर चुकली कीं सारें वायां, अशी समजूत! वस्तुतः माल्ट, म्हणजे मोड आणून वाळविलेले सातू, भरडून ६३ ते ६८ अंश सेंटिग्रेडच्या पाण्यांत तासभर ठेवले, कीं त्यांतील एन्झाइमें पिष्टाची साखर करितात. उष्णता कमी तर बिअर हलकी, अधिक तर दाट, भेद एवढाच.

ऑस्ट्रेलियांतील छांदिष्टांनीं तर एक पातेलें व एक कापडी पिशवी यांवर भागविलें. पाकांत धान्याची निवड कारखानदारानें आधींच केलेली असते. ती स्वतः करावयाची असेल, तर प्रथम पांच लिटरांचाच घाट घालावा. बिघडलें तरी नुकसान थोडें. साधलें तर पुढचें पातेलें मोठें घेतां येतें.