शिक्षेच्या पुढचा न्याय
(विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आम्ही डॉक्टर नाही, वकीलही नाही. आम्ही बँकेतील साधे कारकून. परंतु आज आपल्या वस्त्यांतील मुले-मुली 'मेडिकल'ला आणि 'मेयो'ला शिकत आहेत. बाबासाहेबांनी 'शिका' म्हणून सांगितले आणि आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन त्यांना शिकविले. म्हणून त्या इमारतींच्या आत त्यांना कशी वागणूक मिळते, हा आपल्या सर्वांचाच प्रश्न आहे.

२२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. त्या जळगावच्या, आदिवासी तडवी समाजातील. जातीवरून छळ केल्याच्या आरोपावरून तीन वरिष्ठ डॉक्टर सहकाऱ्यांना अटक झाली. आम्ही आधीच सांगितले होते, पण वेळेत दखल घेतली गेली नाही, असे कुटुंबीयांचे म्हणणे होते. आपण येथेच थोडे थांबले पाहिजे. पहिला टोमणा आणि शेवटचा दिवस यांच्या मध्ये बरेच दिवस गेलेले असतात. त्या दिवसांत महाविद्यालयाने काय करावयाचे?

कायदे आहेत. महाराष्ट्राचा रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ चा. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला पाच वर्षे दुसरीकडे प्रवेश नाही. २००९ साली विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आले. २०१६ मध्ये जातीवरून केलेला छळही रॅगिंगच, असे त्यात नमूद झाले. हे कायदे हवेतच. पण ते बहुधा अखेरीस जागे होतात. शिवाय शिक्षा झाल्यावरही सोसणाऱ्या मुलीला त्याच वॉर्डात, त्याच युनिटमध्ये, त्याच लोकांबरोबर रात्रपाळी करावी लागते. आमच्या बँकेत नावे टाकलेली रक्कम कोठे तरी जमा झाल्याशिवाय दिवसाचा हिशेब जुळत नाही. येथे मात्र अपराध्याच्या नावे शिक्षा पडते आणि सोसणाऱ्याच्या खात्यावर काहीच जमा होत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी जगात एक पद्धत पुढे आली आहे. तिला रिस्टोरेटिव्ह जस्टिस म्हणतात. आपण सांधणारा न्याय म्हणू. कोणता नियम मोडला आणि शिक्षा काय, एवढ्यावर ती थांबत नाही. इजा कोणाला झाली, त्याला आता काय हवे आणि ते भरून देण्याची जबाबदारी कोणाची, हे ती विचारते. प्रशिक्षित, तटस्थ माणूस आधी दोघांना वेगवेगळे भेटतो. अपराध्याने आपले कृत्य कबूल केले आणि सोसणाऱ्याची इच्छा असली, तरच दोघांना समोरासमोर बसवितात.

कॅनडात हॅलिफॅक्स येथे डलहौसी विद्यापीठ आहे. तेथील दंतवैद्यक शाखेच्या शेवटच्या वर्षातील १३ मुलांच्या फेसबुकवरील एका गटात वर्गमैत्रिणींविषयी घाणेरडा मजकूर लिहिला गेला. डिसेंबर २०१४ मध्ये ते उघड झाले. त्यांना रुग्ण तपासण्यापासून दूर केले गेले. काही विद्यार्थिनींनी स्वतःच हा सांधणारा मार्ग निवडला आणि १२ मुले त्यात सामील झाली. मे २०१५ मध्ये त्याचा अहवाल आला. परंतु इतर काही विद्यार्थिनींनी या मार्गाला आक्षेप घेतला. आपल्यावर दबाव येतो आहे, अशी त्यांची तक्रार होती. ही तक्रार आपण नीट ध्यानात ठेवावी.

बौद्धांना हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गात सुधम्म भिक्खूची कथा आहे. चित्त गृहपतीने आपल्याला न विचारता इतर थेरांना भोजनाचे निमंत्रण दिले, म्हणून सुधम्म रागावला. तुझ्याकडे सर्व आहे, फक्त तिळाची वडी नाही, असे तो बोलला. हा टोमणा गृहपतीच्या घराण्याच्या धंद्यावर होता, असे अट्ठकथा सांगते. म्हणजे जन्मावरूनच हिणविणे! भगवंतांनी त्याला दोष दिला आणि संघाने ठरविले की, सुधम्माने जाऊन गृहपतीची क्षमा मागावी. याला पटिसारणीय कर्म म्हणतात. सुधम्म गेला, पण लाजेने क्षमा न मागताच परतला. तेव्हा संघाने त्याच्यासोबत एक अनुदूत, म्हणजे सोबती भिक्खू दिला. येथे गृहपतीला कोणी बोलावून घेतले नाही. चालत जावे लागले ते अपराध्याला.

हा फरक आपल्याला चांगला कळतो. गावात अत्याचार झाला की प्रतिष्ठित मंडळी जमतात आणि सोसणाऱ्यालाच समेट करावयास सांगतात. सांधणाऱ्या न्यायाच्या नावाखाली तेच झाले तर तो नवा अन्याय होईल. म्हणून आमच्या मते काही अटी पक्क्या हव्यात. मारहाण, लैंगिक छळ, अॅट्रॉसिटीचा गुन्हा असेल तेथे पोलीस आणि न्यायालय. बैठकीने कायद्याची जागा घेऊ नये. सोसणाऱ्याने केव्हाही नाही म्हटले तरी त्याचे नुकसान होऊ नये. बैठक चालविणारा माणूस त्या विभागाचा नसावा, कारण ज्याच्या हाती परीक्षेचे गुण आहेत त्याच्यासमोर कोण मोकळे बोलणार? जे ठरेल ते लेखी असावे आणि ते पाळले जाते की नाही हे पुढे पाहिले जावे. अपराध्याने नुसती माफी मागून भागणार नाही. ड्यूटीची वाटणी, युनिटमधील वागणूक बदलली पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, पहिला टोमणा ऐकाल तेव्हाच तारीखवार लिहून ठेवा आणि कोणाला तरी सांगा. १८००-१८०-५५२२ हा रॅगिंगविरोधी राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे. आणि सभासद बंधूभगिनींनो, संघाने अपराध्यालाही सोबती दिला. मग आपल्या लेकरांनी अधिष्ठात्यांच्या दालनात एकट्याने का जावे? वसतिगृहातील मुलांची महिन्यातून एकदा विचारपूस करणे आणि तक्रारीच्या वेळी सोबत जाणे, एवढे काम आपल्या संस्थेने अंगावर घ्यावे. त्याला पैसा लागत नाही, माणसे लागतात. आणि ती या सभागृहात बसलेली आहेत.