आईच्या आजाराची फाईल लेकीकडे हवी



"आईला स्तनाचा कर्करोग झाला, मग मलाही होणार का?" आमच्या बैठकांमध्ये लेकी हा प्रश्न विचारतात, पण बैठक संपल्यावर, बाजूला घेऊन. आज आपण त्यावर उघड बोलू या.

होणारच असं नाही. आई किंवा सख्ख्या बहिणीला हा आजार झाला असेल, तर आपला धोका इतर बायकांपेक्षा साधारण दुप्पट असतो. तरीही अशा बहुतेक लेकींना तो कधीच होत नाही. शंभर रुग्णांपैकी ५ ते १० जणींच्याच आजारामागे वारशानं आलेला जनुकातला दोष असतो. यात बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुकं मुख्य. पेशींमधली मोडतोड दुरुस्त करणं हे त्यांचं काम. ते बिघडलं की धोका खूप वाढतो. अशा शंभर जणींपैकी सुमारे ७० जणींना ८० वर्षांच्या वयापर्यंत स्तनाचा कर्करोग होतो. बीजांडकोशाच्या कर्करोगाचाही धोका असतो.

आई-वडिलांपैकी एकात हा दोष असेल तर तो प्रत्येक मुलात, मग मुलगा असो वा मुलगी, येण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून फक्त आईकडचं विचारू नका. आत्या आणि वडिलांची आई यांचंही विचारा.

शंका कधी घ्यायची? आजार पन्नाशीच्या आत झाला असेल, दोन्ही स्तनांत झाला असेल, घरात कुणाला बीजांडकोशाचा कर्करोग असेल, किंवा एखाद्या पुरुषाला स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर डॉक्टरांना जनुकीय तपासणीबद्दल जरूर विचारा. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात असा सल्ला मिळतो. तपासणी रक्तावर किंवा लाळेवर होते.

इथं एक गोष्ट नीट ऐका. शक्य असेल तर तपासणी आधी जिला आजार झाला तिची करावी. तिच्यात दोष सापडला, तर लेकीमध्ये नेमका तोच शोधता येतो. तो लेकीत नसेल, तर त्या दोषामुळे येणारा धोका तिला नाही. आईची तपासणी न करता फक्त लेकीची केली आणि काही सापडलं नाही, तर तेवढ्यावर निर्धास्त होता येत नाही. आई हयात नसेल तर काय करायचं, हे समुपदेशक सांगतात.

दोष सापडला, तर पंचविशीपासून दरवर्षी एमआरआय आणि तिशीपासून मॅमोग्राफी करायला सांगतात. शस्त्रक्रियेचाही पर्याय असतो, तो घाई न करता डॉक्टरांशी बोलून ठरवावा. दोष माहीत नसेल, तर आईला ज्या वयात आजार झाला त्याच्या दहा वर्षं आधीपासून, पण सहसा तिशीनंतर, तपासणी सुरू करतात. म्हणजे आई ४२ वर्षांची होती, तर लेकीनं बत्तिशीपासून.

वय कोणतंही असो, गाठ लागली, कातडीला खळी पडली, बोंड आत ओढलं गेलं किंवा त्यातून रक्त आलं, तर लगेच दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका. अशी गाठ बहुतेकदा दुखतच नाही.

"लेकीचं लग्न व्हायचंय, कुठं बोलू नका," असं घरात सांगितलं जातं. ही भीती आम्हाला कळते. साऱ्या गावाला सांगायची गरज नाहीच. पण लेकीपासून लपवलं, तर तिला वेळेवर तपासणी करता येत नाही. हा आजार संसर्गानं पसरत नाही, आणि जनुकात दोष असणं म्हणजे आजार असणं नव्हे.

म्हणून या आठवड्यात एवढं करा. आईची फाईल काढा. कुणाला, कोणत्या वयात, कोणता कर्करोग झाला, एका बाजूला की दोन्ही, हे पहिल्या पानावर लिहा. बायोप्सीच्या रिपोर्टची झेरॉक्स काढा आणि प्रत्येक लेकीला द्या, लेकालाही द्या.