अवोदा : कष्ट आणि पूजा यांचा एकच शब्द

आजचा भाग काशीतून. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी १६७४ साली गागाभट्ट रायगडावर आले ते या शहरातून. पौरोहित्याची भाषा इथल्या रोजच्या बोलण्यात मुरलेली आहे. म्हणून आज दुसऱ्या एका जुन्या परंपरेतले, प्राचीन इस्रायलच्या हिब्रू भाषेतले पौरोहित्याचे शब्द इथे बसून पाहू.

पहिला शब्द ‘अवोदा’. मंदिरातल्या पूजाविधीला हिब्रूत हेच म्हणतात. पण बायबलच्या निर्गम या पुस्तकात मिसर देशात इस्रायली लोकांकडून माती-विटांचं जे सक्तीचं काम करून घेतलं गेलं, त्यालाही अवोदाच म्हटलंय. गुलाम म्हणजे ‘एवेद’, तोही याच धातूतून आलेला. मोशे फारोकडे मागणी करतो ती अशी, की या लोकांना सोड, त्यांना देवाची सेवा करू दे. क्रियापद तेच, बदलतो तो धनी. आजच्या इस्रायलमध्ये माणूस सकाळी ‘अवोदा’ला जातो, म्हणजे साध्या नोकरीला.

आपण याचं भाषांतर ‘पूजा’ असं केलं, तर त्यातला घाम निघून जातो. ‘गुलामी’ केलं, तर भक्ती जाते. मराठीतला ‘चाकरी’ हा शब्द मला त्यातल्या त्यात जवळचा वाटतो, कारण आपण सरकारचीही चाकरी करतो आणि विठ्ठलाचीही.

दुसरा शब्द ‘शारेत’. ही जवळ राहून केलेली सेवा. योसेफ मिसरमधल्या धन्याच्या घरी करतो ती, यहोशवा मोशेची करतो ती, आणि याजक देवासमोर करतात तीही. याच धातूतला ‘शेरुत’ हा शब्द आज इस्रायलमध्ये वाटून घ्यायच्या टॅक्सीलाही वापरतात.

तिसरा शब्द ‘मिश्मेरेत’, म्हणजे राखण, पहारा. पवित्र जागेची राखण लेवी वंशाकडे होती. अहरोनाच्या वंशातले ते ‘कोहेन’, म्हणजे याजक. वेदीवरचं काम त्यांचं. बाकीच्या लेवींची कामं गणना या पुस्तकात वाटून दिली आहेत. कहाथाच्या घराण्याने पवित्र कोश आणि पात्रं खांद्यावर वाहायची, गेर्षोनाच्या घराण्याने पडदे, मरारीच्या घराण्याने फळ्या आणि खांब. या कामाचं वय तीस ते पन्नास. ओझं वाहणं हीसुद्धा अवोदाच.

पंढरपूर माहीत असलेल्यांना हे परकं वाटणार नाही. तिथे बडव्यांखेरीज सेवाधारी घराणी होती : पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, दिवटे, डांगे. कुणी पाणी आणायचं, कुणी पदं म्हणायची, कुणी दिवटी धरायची. कामावरूनच आडनाव पडलं. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने हे वंशपरंपरागत हक्क संपले. विठ्ठलाची पूजा मात्र चालू राहिली.

आता ‘कोरबान’. अर्पण, बळी. धातूचा अर्थ ‘जवळ येणं’. देवाजवळ जाण्यासाठी जे न्यायचं ते कोरबान. आपल्याकडे अरबी-फारसीतून आलेला ‘कुर्बानी’ हा याच शब्दाचा सख्खा भाऊ.

इसवी सन ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं. वेदी गेली, बळी थांबले. मग अवोदाचं काय झालं? यहुदी धर्मगुरूंनी प्रार्थनेलाच ‘हृदयातली अवोदा’ म्हटलं. ‘मिन्हा’ हे पीठ आणि तेलाच्या अर्पणाचं नाव दुपारच्या प्रार्थनेला मिळालं. आपल्या इथल्या दशाश्वमेध घाटाचंही असंच नाही का? नावात दहा अश्वमेध आहेत, आणि संध्याकाळी पायऱ्यांवर होते ती आरती.

या बदलाचं सगळ्यात जवळचं उदाहरण मराठीच आहे. कोकणातले बेने इस्रायल. दिवेकर, पेणकर, केहिमकर अशी गावांवरून पडलेली आडनावं. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांच्यात कोहेन घराण्यांची परंपरा नव्हती. धर्मविधी सांगणाऱ्याला ते ‘काजी’ म्हणत. मुंबईत सामाजी हसाजी दिवेकरांनी त्यांचं पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं ते १७९६ साली. त्याच्या कितीतरी आधीपासून घराघरांत शब्बाथ पाळला जात होता, आणि एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने पोहे, खोबरं, साखर, फळं घालून मलिदा होत होता. १८४६ साली मुंबईत वल्हांडणाची पोथी, हगादा, मराठी भाषांतरासह छापली गेली. त्या पोथीत दरवर्षी आठवण करून दिली जाते, की आपण ‘अवादीम’, म्हणजे गुलाम होतो.

ना वेदी, ना याजक, ना मंदिर. तरी सेवा टिकली. कारण ती तेल्याच्या घरातही करता येत होती, घाणा थांबवूनसुद्धा.

म्हणून अवोदा हा शब्द पुजाऱ्यांपुरता ठेवू नये, असं मला वाटतं. ज्या ग्रंथाने वेदी याजकांच्या हाती दिली, त्यानेच तंबूचे खांब वाहणाऱ्यांची कामंही नावानिशी लिहून ठेवली. घाटावर आरती करणाऱ्याला आपण नमस्कार करतो. सकाळी त्याच पायऱ्यांवरचा गाळ काढणाऱ्याच्या कामाला सेवा म्हणतो का, याचं उत्तर प्रत्येकाने आपापल्या गावच्या देवळापुरतं तरी शोधावं.