घोड्याचा तबेला आणि माशा

माझ्या लहानपणीं शेजारच्या टांगेवाल्याच्या घोड्याला डोळ्याखालीं जखम झाली. तो रोज कडुनिंबाचा धूर करी. परंतु लिदीचा ढीग दारांतच! माशांनीं जखम भरूं दिली नाहीं. अखेर तो डोळा गेला.

माशी लिदींत अंडीं घालते. उन्हाळ्यांत आठ-दहा दिवसांत त्यांच्या माशा होतात. यास्तव लीद रोज उचलावी, दूर खड्ड्यांत टाकून मातीनें झांकावी, तबेल्याची जमीन कोरडी ठेवावी. घोड्याच्या कपाळावर दोऱ्यांची झालर बांधावी. जखम धुऊन झांकावी. धुरानें माशी उडते. झाडूनें तिचा वंश खुंटतो.

माथेरानांत आजही घोडे माणसें वाहतात. त्यांची शेपटी डोळ्यांपर्यंत पोंचत नाहीं. तेथें धन्याचा हातच पोंचला पाहिजे.