साखळीबरोबर हिशेबाची वहीही दाखवा
(बंगळूर येथील मराठी रेल्वे व टपाल कामगारांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



संग्रहालय म्हटले की काचेच्या पेटीतील नाणी आणि तलवारी डोळ्यांसमोर येतात. आता ही तऱ्हा बदलत आहे. अंधारी खोली, चहूकडे पडदे, लाटांचा आवाज. पाहणाऱ्याला वाटावे की आपणच तेथे आहोत. लिव्हरपूल हे इंग्लंडमधील गुलाम-व्यापाराचे मोठे बंदर. तेथे २००७ साली गुलामगिरीचे संग्रहालय उघडले. जहाजात कोंबलेल्या आफ्रिकी माणसांचे हाल त्यात याच रीतीने दाखविले होते.

या पद्धतीला आमचा विरोध नाही. पुस्तक न वाचणाऱ्याच्याही काळजाला ती हात घालते. पण अंधारात दहा मिनिटे उभे राहून डोळे पुसले म्हणजे गुलामगिरी समजली असे होत नाही. तो नफ्याचा धंदा होता. ब्रिटिश संसदेने १८३३ साली गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला, तेव्हा दोन कोटी पौंड भरपाई मंजूर झाली. ती मालकांना! गुलामांना छदामही मिळाला नाही.

मॉरिशसच्या मळ्यांत मग गिरमिटिया मजूर आले. १८३४ ते १९२० या काळात हिंदुस्थानातून जवळजवळ पाच लाख माणसे तेथे उतरली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसेही होती. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या सोळा दगडी पायऱ्या आजही उभ्या आहेत. पण एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापण्याची तेथील रीत पायऱ्या पाहून कळत नाही. त्यासाठी कागद दाखवावा लागतो.

बंगळूरच्या शेजारी आनेकल भागात कर्जापोटी राबण्याला ‘जीत’ म्हणतात. आपण वेठबिगारी म्हणतो. १९७६ च्या कायद्याने ही प्रथा आणि त्यामागचे कर्ज, दोन्ही रद्द झाली. उद्या या शहरात त्याचे दालन झाले, तर त्यात केवळ हुंदके नकोत. उचल किती, व्याज किती, वर्षे किती, हेही भिंतीवर असावे. आणि सुटून आलेल्यांनी ते स्वतःच्या तोंडून सांगावे.

वीटभट्टीवर जाणारी उचल घेतलेली कुटुंबे आजही आपल्याच गाड्यांनी जातात. दालन पाहून बाहेर पडलेल्या माणसाला ती फलाटावर ओळखता आली, तरच ते दालन कामाचे.

एवढे बोलून आम्ही थांबतो.