निद्रा आणि विद्या

नाशिक जिल्ह्यांतील दिंडोरी तालुक्यांत द्राक्षवेलीची छाटणी वर्षांतून दोनदां होते. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर वेलीवर घड दिसूं लागतात, म्हणून पाहुण्याला तीच महत्त्वाची वाटते. बागाइतदार मात्र जाणतो कीं, घडाचा पाया एप्रिलच्या खरड छाटणीनंतरच पडतो. त्या दिवसांत बागेंत फळाचें नांवही नसतें. परंतु काडीवरच्या डोळ्याच्या आंत पुढील हंगामाचा घड सूक्ष्म रूपानें आकार घेत असतो. जें काम दिसत नाहीं, त्यावरच पुढचें पीक अवलंबून असतें. वेलीच्या बाबतींत हें ज्या घरांत लहानथोरांना ठाऊक आहे, त्याच घरांत मुलाच्या अभ्यासाच्या बाबतींत मात्र त्याचा विसर पडतो.

द्राक्षांची तोडणी आणि शालान्त परीक्षा यांची गांठ बहुधा एकाच सुमारास पडते. घरांत मजुरांची व व्यापाऱ्यांची वर्दळ असते. शेतीपंपाची वीज रात्रपाळीची असली, तर पाणी देण्यासाठीं मध्यरात्रीं बागेंत जावें लागतें. थंडीचा कडाका पडला, तर घड वांचविण्यासाठीं पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात. अशा घरांतील दहावीचा विद्यार्थी दिवसाचे हरवलेले तास रात्रींतून भरून काढूं पाहतो. दोन वाजेपर्यंत दिवा जळतो, आई चहा करून देते, आणि शेजारीपाजारी पोराच्या कष्टांचें कौतुक करतात. कष्ट खरेच असतात. पण त्यांचें फळ पदरांत पडतें कीं नाहीं, हें कोणी विचारीत नाहीं.

विद्यार्थ्याची झोंप श्वानासारखी सावध असावी, अशी जुनी शिकवण पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. उलटपक्षीं चरकसंहितेनें आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानिले, आणि मनुष्याचें ज्ञान व अज्ञान हींही निद्रेवर अवलंबून असल्याचें सांगितलें. या दोन मतांतील निवाडा पुढें प्रयोगांनीं केला.

अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत जेंकिन्स व डॅलेनबाक या दोघां संशोधकांनीं दोन विद्यार्थ्यांकडून निरर्थक शब्दांश पाठ करून घेतले. कधीं पाठांतरानंतर विद्यार्थी झोंपीं जात, कधीं जागे राहून नित्याचे व्यवहार करीत. मधला काळ तितकाच असूनही झोंपून उठल्यावर त्यांना पुष्कळच अधिक आठवे. हा प्रयोग १९२४ सालीं प्रसिद्ध झाला. निद्रेंत नव्या गोष्टींची गर्दी होत नाहीं, म्हणून जुन्या टिकतात, एवढाच अर्थ त्यावेळीं लावण्यांत आला. पुढें असें दिसून आलें कीं, झोंपेंत मेंदू स्वस्थ पडून नसतोच.

पेढीवरचा मुनीम दिवसभराचे व्यवहार रोजकीर्दींत टिपतो आणि दुकान बंद झाल्यावर ते खतावणींत ज्याच्या त्याच्या खातीं चढवितो. मेंदूंतही कांहीं अंशीं असेंच घडतें. दिवसाचे अनुभव प्रथम हिप्पोकॅम्पस नांवाच्या लहानशा भागाच्या साहाय्यानें टिपले जातात, आणि गाढ झोंपेंत त्यांची उजळणी होऊन ते मेंदूच्या विस्तृत बाह्य भागांत स्थिरावतात. १९९४ सालीं विल्सन व मॅकनॉटन यांनीं उंदरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. उंदीर फिरत असतांना ज्या पेशी एकत्र जागृत होत, त्याच नंतरच्या झोंपेंत पुन्हां एकत्र जागृत झाल्या. ज्या दुकानांत रोजकीर्द भरते पण खतावणी कधींच होत नाहीं, तेथें ऐन मागणीच्या वेळीं हिशेब सांपडत नाहीं. रात्रभर वाचून परीक्षेस बसलेल्या मुलाची गत याहून फारशी निराळी नसते. शिवाय जागरणानें शिणलेला मेंदू दुसऱ्या दिवशीं नवें टिपून घेण्यासही दुबळा ठरतो.

निद्रेचें काम जतन करण्यापुरतेंच आहे, असेंही नाहीं. जर्मनींतील ल्यूबेक विद्यापीठांतील संशोधकांनीं २००४ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. अंकांचें एक कोडें ठराविक रीतीनें सोडवावयाचें होतें. त्यांत एक आडवाट लपलेली होती, पण ती कोणास सांगितलेली नव्हती. मध्यंतरीं आठ तास झोंपलेल्यांपैकीं शेंकडा ५९ जणांना ती सांपडली, तर जागे राहिलेल्यांपैकीं शेंकडा २३ जणांनाच. अडलेलें गणित सकाळीं उठतांच सुटतें, हा अनेकांचा अनुभव म्हणूनच केवळ योगायोग मानतां येत नाहीं. मात्र झोंपण्यापूर्वीं त्या गणिताशीं झुंज झालेली असावी लागते. ज्यानें वहीच उघडली नाहीं, त्याला निद्रा कांहींच देत नाहीं.

निद्रेंतही टप्पे आहेत. गाढ झोंप रात्रीच्या पूर्वार्धांत अधिक, तर स्वप्नांनीं भरलेली झोंप पहाटेकडे अधिक असते. म्हणून पहाटे तीनला उठविलेल्या मुलाचे दोनतीन तासच बुडाले असें वाटलें, तरी स्वप्नमय निद्रेचा बराच मोठा वांटा त्यांत बुडालेला असतो. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोंप हवी, असें निद्राशास्त्रज्ञ सांगतात. या वयांत शरीरांतील घड्याळच मागें सरकतें आणि झोंप उशिरां येऊं लागते. त्यास आळस म्हणणें अन्यायाचें आहे.

महाराष्ट्र शासनानें फेब्रुवारी २०२४ मध्यें चौथीपर्यंतचे वर्ग सकाळीं नऊपूर्वीं भरवूं नयेत असा आदेश काढला, तो लहान मुलांच्या अपुऱ्या झोंपेचा विचार करूनच. दहावीचा विद्यार्थी त्या आदेशाच्या कक्षेंत नव्हता. त्याच्या झोंपेची राखण घरच्यांनींच करावयाची आहे. हंगाम थांबवितां येत नाहीं आणि विजेची पाळी शेतकऱ्याच्या हातीं नाहीं, हें खरें. तरी परीक्षेच्या दिवसांत रात्रींचा पंप दुसऱ्या कोणी संभाळावा, पाठांतर निजण्यापूर्वीं आटोपावें, भ्रमणध्वनी उशापासून दूर ठेवावा, आणि आईनें दुसऱ्या चहाऐवजीं दिवा मालवावा, एवढें तर बहुतेक घरांत साधण्याजोगें आहे. एप्रिलांत फळ दिसत नाहीं म्हणून दिंडोरीचा कोणताही बागाइतदार वेल उपटून टाकीत नाहीं. निजलेल्या मुलाकडे पाहतांनाही त्यानें तोच धीर धरावा.